परदेशी शिक्षण आणि शिष्यवृत्ती: साताऱ्यातल्या ओसरीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात आमच्या यादोगोपाळ पेठेतल्या ओसरीवर मुलं-मुली फायली घेऊन येतात. कुणी कोरेगावहून, कुणी वाईहून, कुणी दहिवडीहून पहाटेची एसटी पकडून. मी स्वतः कृषी पदवीनंतर शिष्यवृत्तीवर दोन वर्षं युरोपात शिकले आणि परत येऊन इथेच माती-पाण्याचं काम करते. सल्ल्याचे पैसे घेत नाही. पण तेच ते प्रश्न दर रविवारी नव्याने सांगताना घसा बसतो, म्हणून हे पान. येण्याआधी वाचून या, म्हणजे ओसरीवरचा वेळ तुमच्या स्वतःच्या अडचणीला देता येईल.

सगळ्यात आधी काय करायचं? आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, क्लास लावू का?

क्लास राहू द्या. आधी दहावीचं सर्टिफिकेट, पदवीच्या मार्कलिस्टा, आधार आणि पासपोर्ट चटईवर शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकावरचं इंग्रजी नाव अक्षरन् अक्षर वाचा. आपल्याकडे मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, बाकीचं सगळं दुसऱ्या रकान्यात. परदेशातल्या कारकुनाला यातलं काही ठाऊक नसतं. मार्कलिस्टवरचं पहिलं नाव हेच तुमचं नाव असं तो धरून चालतो, आणि तुमची फाईल आडनावाने हाक मारत फिरते.

ही निदान समजावून सांगता येणारी गोष्ट आहे. खरा घोळ स्पेलिंगचा. ‘व’साठी दहावीला डब्ल्यू, आधारवर व्ही. ‘ई’साठी एकीकडे एक अक्षर, दुसरीकडे डबल ई. वडिलांच्या नावामागे कुठे ‘राव’ आहे, कुठे नाही. एका मुलीच्या चार कागदांवर चार स्पेलिंग निघाली होती, आणि चारही वेगवेगळ्या माणसांनी तिला न विचारता टाईप केलेली.

पासपोर्ट काढलेला नसेल तर तो दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळवून काढा आणि पुढे प्रत्येक फॉर्म, परीक्षा, बँक सगळं पासपोर्टप्रमाणे भरा. फरक किरकोळ असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र चालून जातं. लग्नानंतर किंवा इतर कारणाने नावच बदललं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. या कामाला वेळ लागतो आणि तो शेवटच्या महिन्यात मिळत नाही.

किती आधी सुरुवात करावी?

दीड वर्ष. ज्या सप्टेंबरात वर्गात बसायचं, त्याच्या आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये कामाला लागा. मुलं ऐकून हसतात. मग मी उलटी मोजणी करून दाखवते. सप्टेंबरात वर्ग, म्हणजे जुलै-ऑगस्टात व्हिसा. व्हिसाआधी पैशाची सोय पक्की हवी. एरास्मस मुंडस या युरोपातल्या शिष्यवृत्तीच्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, अमेरिकेतल्या पीएचडीचेही त्याच सुमारास. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज तर आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्येच उघडतो. म्हणजे ऑगस्टपर्यंत पासपोर्ट, दिवाळीपर्यंत इंग्रजीची परीक्षा, आणि शिफारसपत्रं देणाऱ्या सरांशी बोलणं त्याच्याही आधी. यात विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढणं, परीक्षा पुन्हा द्यावी लागणं आणि घरातलं एखादं लग्न धरा. झालं दीड वर्ष.

ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे मार्कलिस्टच ना? ती तर आहे माझ्याकडे.

नाही. सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र देणारा, विद्यापीठाने सही-शिक्क्यानिशी दिलेला तो वेगळा कागद. काही ठिकाणी त्याची स्कॅन प्रत चालते, काही ठिकाणी सीलबंद पाकीटच लागतं, आणि पाकिटाच्या झाकणावर शिक्का अर्धा आत-अर्धा बाहेर असा यावा लागतो.

माझं पाकीट मी विद्यापीठातून आणून घरी देवघराच्या फळीवर ठेवलं होतं. संध्याकाळी परत आले तर वडिलांनी ते सुरीने अगदी नीट, कडेने उघडून ठेवलेलं. “आत बरोबर मार्क लिहिलेत का बघितलं. सगळं बरोबर आहे,” म्हणाले. सील फुटलेलं पाकीट म्हणजे रद्दी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी, पुन्हा अर्ज, पुन्हा चलन. तेव्हापासून ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते: दोन नव्हे, पाच पाकिटं एकदम काढा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

माझ्या मार्कांवर कोणती शिष्यवृत्ती मिळेल?

प्रश्न उलटा आहे. मार्क हा शेवटचा चाळणीचा भाग. आधी चार गोष्टी बघा: वय, नोकरीचा अनुभव, प्रवर्ग आणि उत्पन्न, आणि विषय.

नोकरीचा अनुभव नसेल, नुकतीच पदवी झाली असेल तर एरास्मस मुंडस पहिल्यांदा बघा. युरोपीय संघाची योजना आहे. अभ्यासक्रम किमान दोन देशांत विभागलेला असतो. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिना 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. त्यातूनच विमान, व्हिसा, घरभाडं सगळं भागवायचं. माझं भागलं, थोडे उरलेही, पण मी स्वयंपाक घरी करायचे. अर्जाला फी नाही. आपल्याकडची मुलं इकडे कमी वळतात, कारण ‘ऑक्सफर्ड’सारखं सांगायला सोपं नाव मिळत नाही. पाहुण्यांना सांगताना अर्धा तास जातो.

दोन वर्षं नोकरी झाली असेल तर ब्रिटनची चेव्हनिंग. एक वर्षाचं मास्टर्स, पूर्ण खर्च. अनुभव तासांत मोजतात, 2,800 तास, आणि त्यात अर्धवेळ काम किंवा स्वयंसेवी कामही धरता येतं. रयतच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवलं असेल, ग्रामपंचायतीच्या पाणी समितीवर काम केलं असेल, तर ते तास लिहा. मुलं हे लिहीतच नाहीत, त्यांना ते काम वाटत नाही. चेव्हनिंगमध्ये नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनच का आणि पुढचा बेत यांवर उत्तरं लिहायची असतात. गुणपत्रिकेपेक्षा वजन त्यांना.

अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागते. डीएएडी या जर्मनीतल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचे विकासविषयक अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा मागतात. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती दूतावासामार्फत मिळते. जपानी येत नसलं तरी अर्ज करता येतो आणि फी काही नाही. संशोधनाची ओढ असणाऱ्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आता आपल्या राज्याच्या योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी 75 विद्यार्थी, फी, निर्वाहभत्ता आणि विमानभाडं. विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक, खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल यांच्या योजना वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप वेगळी. अटी आणि मुदत दरवर्षीच्या जाहिरातीत बदलतात, म्हणून मित्राच्या मोठ्या भावाने दोन वर्षांपूर्वी काय सांगितलं त्यावर जाऊ नका, त्या वर्षीची जाहिरात वाचा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र जाहिरात येण्याआधी हातात हवं. जाहिरात आल्यावर सेतूत रांग लावणारी मुलं मी दरवर्षी बघते.

जे. एन. टाटा एन्डोमेंटचं नाव सगळे घेतात. जमशेटजींनी 1892 साली सुरू केलेली ही योजना कर्ज-शिष्यवृत्तीची आहे. पैसे परत करायचे असतात. चांगली सोय आहे, पण ‘फुकट’ समजून अर्ज करू नका.

तीन वर्षांची बीएस्सी आहे. परदेशात चालते का?

ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी चालते. अमेरिकेत अनेक विद्यापीठं चार वर्षं मागतात, काही तीनवर मानतात, प्रत्येकाचं पान वाचावं लागतं. जर्मनीत विषयाचे क्रेडिट मोजतात, तिथे कधी अडतं. इथे एमएस्सी करून मग जाणं हा वाया जाणारा रस्ता नाही. नवीन धोरणातलं चौथं वर्ष तुमच्या कॉलेजात मिळत असेल तर त्याचा विचार करा.

एटीकेटी लागली होती. आता संपलं का सगळं?

नाही. लपवू मात्र नका, ट्रान्स्क्रिप्टमध्ये दिसतं.

जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणे?

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना 2017 पासून सहामाहीला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. पण ‘फुकट’ या शब्दाने लोक फसतात ते दुसरीकडेच.

पहिलं म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच एका खात्यात अडकवून ठेवायचा, तिथे गेल्यावर दरमहा थोडा थोडा मिळतो. 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे, महिना 992. रुपयांत साधारण बारा लाख. पैसे तुमचेच, पण व्हिसाआधी एकरकमी उभे करावे लागतात. दुसरं, एपीएस प्रमाणपत्र. तुमची पदवी खरी आहे का हे तपासून देणारा कागद, नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचा. फी 18,000 रुपये, आणि वेळ जातो तो वेगळा.

तिसरं गणित. जर्मनीत 1 म्हणजे उत्तम आणि 4 म्हणजे कसाबसा पास. आपले टक्के त्यांच्या मापात आणायचं सूत्र असं: जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि किमान पास यांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. शंभरात पास व्हायला 40 लागतात आणि तुम्हाला 68 आहेत असं धरा. शंभर वजा 68 म्हणजे 32. भागिले 60, गुणिले 3, अधिक 1. उत्तर 2.6. अनेक अभ्यासक्रमांची अट 2.5 असते. 70 टक्के असते तर बरोबर 2.5 आले असते. दोन टक्क्यांचं मोल इथे कळतं. शेवटच्या वर्षात असाल तर हे गणित आजच मांडा, अजून एक सत्र हातात आहे.

इंग्रजीची भीती वाटते. मराठी माध्यमातून शिकलोय.

माझंही शिक्षण मराठीतून झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत. आयईएलटीएसमध्ये 9 पैकी गुण देतात, बहुतेक मास्टर्सना साडेसहा ते सात लागतात. परीक्षा घेणाऱ्याला तुमच्या बोलण्याच्या ढबीशी देणंघेणं नसतं, अर्थ पोचला की झालं. सातारी हेलात इंग्रजी बोलून साडेसात मिळवलेली मुलं माझ्या पाहण्यात आहेत. अडतं ते लिहिण्यात, कारण आपण पाठ केलेले निबंध ओततो. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, निकाल दोन वर्षं चालतो. म्हणून उगाच लवकरही देऊ नका. पदवी इंग्रजीतून झाली असेल तर काही विद्यापीठं कॉलेजच्या माध्यमाच्या दाखल्यावर भागवतात. पैसे भरण्याआधी ते विचारा.

सर म्हणतात, शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो. काय करू?

हा प्रश्न प्रत्येक रविवारी येतो. सरांना वाईट म्हणू नका. सत्तर मुलांच्या वर्गाला शिकवून, पेपर तपासून, निवडणुकीची ड्यूटी करून त्यांना हे जमत नाही. पण आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला अशी समजूत आहे. मी नेलेलं पहिलं पत्र असं होतं: ‘सदर विद्यार्थिनी प्रामाणिक, आज्ञाधारक व सुस्वभावी असून तिचे वर्तन चांगले आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.’ इंग्रजीत, लेटरहेडवर, गोल शिक्का मारून. निवड समितीला यातून मी कोणत्या विषयात काय केलं हे एका शब्दाने कळत नव्हतं. मी आज्ञाधारक आहे हे वाचून कदाचित त्यांना काळजीच वाटली असेल.

सरांना एक पान मुद्दे लिहून द्या: कोणत्या वर्षी कोणता विषय शिकवला, प्रकल्पात तुम्ही नेमकं काय केलं, कुठे अडलात आणि कसे सुटलात. मग म्हणा, “सर, यावरून तुम्हाला आठवेल तसं दहा ओळी बोला, मी टाईप करते, तुम्ही दुरुस्त करा.” अशा पत्रात सरांचा आवाज येतो. स्वतः बसून लिहिलेली दोन्ही पत्रं एकाच हाताची वाटतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

आणखी एक. बहुतेक ठिकाणी पत्र सरांच्या ईमेलवर दुवा पाठवून मागवतात, आणि कॉलेजच्या नावाचा ईमेल मागतात. साधा जीमेल दिला की शंका घेतात. गावाकडच्या कॉलेजात सरांना असा पत्ता बनवून दिलेला नसतो किंवा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. ऑफिसातल्या क्लार्कना भेटून हे काम दोन महिने आधी उरका. दुवा आलेला मेल स्पॅममध्ये जातो. सरांना फोन करा, जमलं तर शेजारी बसून अपलोड करून घ्या.

एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं ‘मी कोण, हे का शिकायचंय’ सांगणारं निवेदन, चॅटजीपीटीकडून लिहून घेतली तर?

व्याकरण तपासायला वापरा. लिहायला दिलीत तर ती कोरेगावच्या मुलीची आणि कोरियाच्या मुलीची सारखीच येईल.

कोरेगाव तालुक्यातली एक मुलगी आली होती. तिच्या एसओपीची पहिली ओळ: लहानपणापासून मला निसर्गाची व शेतीची आवड आहे. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, घरी काय पिकतं? “आलं,” म्हणाली. मग हळूहळू सांगू लागली. 2019 च्या लांबलेल्या पावसात त्यांच्या आल्याला कंदकूज लागली. आधी पानांचे शेंडे पिवळे पडले. मग झाडाला हात लावला की कोंब अलगद हातात येई, खालून पाणी सुटल्यासारखा मऊ, वासाचा. वडील रात्री बॅटरी घेऊन वाफ्यांच्या कडेने चर काढत होते. खालचं रान सगळं गेलं. वरच्या बाजूच्या मुरमाड तुकड्यातलं आलं मात्र वाचलं. बेणं एकच, लागवड एकाच आठवड्यातली, खतही तेच. “मग हे का वाचलं, हे मला तेव्हापासून कळत नाहीये,” ती म्हणाली.

मी म्हटलं, ही तुझी पहिली ओळ. पाण्याचा निचरा, मातीतली बुरशी, गादीवाफ्याची उंची, हे सगळं त्या एका प्रश्नामागून येतं. मग कोणत्या प्राध्यापकाची कोणती प्रयोगशाळा त्यावर काम करते हे शोधलं आणि शेवटचा परिच्छेद त्यावर बांधला. ‘आवड’ हा शब्द नंतर कुठे लिहावाच लागला नाही.

शिष्यवृत्ती घेतली तर परत यावंच लागतं का?

योजनेवर आहे. चेव्हनिंगची अट दोन वर्षं मायदेशी राहण्याची. फुलब्राइटचा व्हिसाही दोन वर्षांची अशीच अट घेऊन येतो. एरास्मस मुंडसमध्ये असं बंधन नाही. सरकारी योजनांत हमीपत्र, जामीनदार वगैरे भानगडी असतात. सही करण्याआधी घरातल्या मोठ्यांबरोबर बसून मराठीत समजून घ्या.

शिष्यवृत्ती म्हणजे बक्षीस असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो करार असतो, आणि हे साताऱ्याच्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको. राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्यांचं नाव दाखल झालं, त्या डॉ. आंबेडकरांना 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याच्या करारावर. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा राहिला होता. तो तसाच टाकून 1917 साली त्यांना परतावं लागलं, आणि 1920 मध्ये पुन्हा पैसे जमवून, शाहू महाराजांच्या मदतीसह, ते लंडनला गेले. तेव्हा मुदतीचं कलम आधी वाचा. ‘अभ्यास लांबला तर काय’ हा प्रश्न विचारायला लाजू नका.

पार्ट टाइम काम करून फी निघते का?

निघत नाही. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस अशी मर्यादा आहे. त्यातून भाजी, भाडं, बसचा पास निघतो. आपल्याकडे कर्मवीर अण्णांच्या कमवा-शिकामुळे वाटतं की कष्टाची तयारी असली की झालं. तयारी असावीच. पण व्हिसा अधिकारी आधी बँकेतली शिल्लक बघतो, आणि ब्रिटनसाठी ती सलग 28 दिवस खात्यात दिसावी लागते. नातेवाइकाकडून आठवडाभरासाठी उसने घेऊन दाखवायचा बेत असेल तर तो सोडा.

सात-बारा तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मिळेल का?

चार एकर बागाईत आहे, मग अडचण काय, असं वडील म्हणतात. अडचण ही की बहुतेक बँका शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट, घर, फ्लॅट, मुदतठेव चालते. सरकारी बँकांत साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. खासगी वित्तसंस्था विनातारण जास्त देतात, पण व्याज चढं. आणि एक लक्षात ठेवा, शिक्षण चालू असतानाही व्याज चढतच असतं, फक्त हप्ता नसतो. गावठाणातल्या घराचे कागद अपुरे असतात, त्यामुळे तारणाचं बोलणं प्रवेशाच्या आधी करा. बँकेचा वकील कागद बघायला महिना लावतो.

जमीन विकण्याचा विचार घेऊन कुणी आलं की मी त्या दिवशी दुसरं काही बोलत नाही. एक वर्ष थांबा, नोकरी करा, पुन्हा अर्ज करा.

एजंट फुकट सगळं करून देतो म्हणतो. मग तुमच्याकडे कशाला यायचं?

येऊ नका, पण तो फुकट का करतो हे विचारा. बऱ्याच परदेशी विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे एजंटला कमिशन मिळतं. त्यात गुन्हा काही नाही. फक्त ज्या विद्यापीठाकडून कमिशन नाही, ते त्याच्या यादीत सहसा नसतं. एका मुलाला अशाच एका ऑफिसात सांगितलं गेलं की तुझ्या मार्कांना जर्मनीतलं सरकारी विद्यापीठ मिळणारच नाही, खासगी घे. त्याचं गणित आम्ही ओसरीवर मांडलं, 2.3 आलं. तो आता सरकारीत शिकतोय.

सगळे एजंट असे नसतात. पण तुमचा पोर्टलचा पासवर्ड आणि ईमेल कधीही दुसऱ्याच्या हाती देऊ नका. आणि शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रोसेसिंगचे पैसे भरा, असा फोन आला तर तो ठेवून द्या.

मुदत 15 जानेवारी आहे म्हणजे 15 ला रात्री भरलं तर चालेल ना?

कुणाची रात्र? युरोपात हिवाळ्यात रात्रीचे 11.59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे 4.29. मोजणी तुमच्या फायद्याची आहे, पण काही पोर्टल दुपारीच बंद होतात. त्यात वीज, नेट, आणि शेवटच्या दिवशी रांगणारं संकेतस्थळ. तीन दिवस आधी भरा.

मुलगी एकटी कशी राहील?

हा प्रश्न वडील विचारतात, मुलगी बाजूला फोनमध्ये बघत बसते. पुण्यात राहते तशी राहील. हॉस्टेल, कार्ड, बस, पोलिसांचा नंबर, सगळं आधी दाखवते मी. मग आई हळूच विचारते, खाण्याचं काय? ते पुढे.

नकार आला. आता?

मला पहिल्या वर्षी तीन नकार आले. कारण बहुधा सांगत नाहीत, आणि विचारलं तरी ठरीव उत्तर येतं. पण अर्ज पुन्हा करता येतो. जुनी एसओपी उघडून वर्षभराने वाचा, तुमची तुम्हालाच लाज वाटेल, तिथून दुरुस्ती सुरू होते. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर मेल बघत राहा. पुढची मुलं दुसरीकडे गेली की जूनमध्येही जागा निघते.

प्रवेश मिळाला पण पैसे जमले नाहीत, तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का ते लगेच लेखी विचारा. राज्याच्या योजनांची यादी लागेपर्यंत कधी सत्र तोंडावर येतं, तेव्हा हा मेल उपयोगी पडतो.

जाताना कंदी पेढे नेता येतील का?

युरोपात नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. ब्रिटनलाही न्यायचे नाहीत. मी अर्धा किलो नेले होते. विमानतळावरच्या बाईंनी डबा उघडला, वास घेतला, हे काय म्हणून विचारलं, आणि समजावून झाल्यावर माझ्यासमोर निळ्या बादलीत टाकले. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी न्या. डब्यावर इंग्रजीत नाव लिहा, आणि पेढे इथेच वाटून मग निघा.